चाके फिरावीत ती कोणासाठी?

सायकल चालवल्याने युद्ध थांबत नाही, हे कळायला राज्यशास्त्राची पदवी लागत नाही. तोफगोळ्याला सायकलची घंटा ऐकू येत नाही. असे असूनही जगात ठिकठिकाणी माणसे शेकडो मैल सायकल दामटतात, निघण्यापूर्वी ओळखीपाळखीच्या लोकांकडून मैलामागे अमुक एक रक्कम कबूल करून घेतात आणि जमलेला निधी युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी देतात. आपल्या महाविद्यालयातही यंदा अशी एक सूचना पुढे आली आहे. बेळगावहून कोल्हापूरजवळच्या वळिवड्यापर्यंत सायकलफेरी काढावी व त्यातून युद्धग्रस्त मुलांसाठी निधी उभारावा, अशी ती सूचना. ती आली आणि आपल्या परंपरेप्रमाणे लगेच दोन तट पडले. एक टाळ्या वाजवणाऱ्यांचा, दुसरा नाके मुरडणाऱ्यांचा. मी फेरीच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. परंतु टाळ्या वाजवणारे ज्या कारणासाठी टाळ्या वाजवतात ते कारण मला पटत नाही, आणि नाके मुरडणाऱ्यांचे काही आक्षेप मात्र पटतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला आक्षेप रोकडा आहे. मुलांना पैसा हवा असेल तर पैसा द्यावा, त्यासाठी घाटात धापा कशाला टाकायच्या? वंटमुरीचा घाट चढल्याने सुदानमधल्या मुलाच्या पुढ्यात भाकरी येत नाही. ती येते पैशाने, आणि पैसा घरबसल्याही देता येतो. या युक्तिवादात तर्काच्या दृष्टीने खोट काढता येणार नाही. परंतु माणूस केवळ तर्काने देत नाही. ख्रिस्तोफर ऑलिव्होला आणि एल्डार शाफिर या दोन अभ्यासकांनी २०१३ मध्ये या विषयावर आपले संशोधन प्रसिद्ध केले. देण्याच्या कृतीत शारीरिक कष्ट व वेदना असतील तर लोक अधिक द्यायला तयार होतात, असे त्यांना आढळले. विशेषतः ज्या कार्याचा संबंध माणसांच्या दुःखाशी असतो तेथे हे अधिक दिसते. उद्यान बांधण्यासाठी कोणी उपाशीपोटी धावावे असे लोकांना वाटत नाही, परंतु दुष्काळग्रस्तांसाठी धावावे असे वाटते. आपल्याकडे हे सांगायला संशोधकांची गरज नव्हती. अनवाणी वारी करणारा आणि देवळाभोवती लोटांगण घालणारा, दोघांनाही वाटते की कष्टाशिवाय केलेले पुण्य पदरी पडत नाही.

तेव्हा सायकलफेरीने अधिक निधी जमतो, हे खरे असू शकते. पण टाळ्या वाजवणाऱ्यांशी माझे भांडण सुरू होते ते इथेच. कष्टांना इतका भाव मिळू लागला की कष्ट करणारा हाच त्या प्रसंगाचा नायक होतो. कोणी किती मैल गेला, कोणाचे पाय सुजले, कोणाच्या चाकात तीनदा खिळा घुसला, याच्याच कथा होतात. हार त्याच्या गळ्यात पडतात. ज्या मुलासाठी हे सारे चालले ते मूल मात्र फलकावरच्या चित्रात मोठे डोळे करून बसलेले असते. त्याला नाव नसते, गाव नसते, त्याच्या शाळेचे काय झाले हे कोणाला ठाऊक नसते. फेरी संपते, फलक गुंडाळला जातो आणि मूलही त्यातच गुंडाळले जाते. अशी फेरी निघणार असेल तर नाके मुरडणारेच खरे ठरतील.

मग फेरीचे समर्थन कशावर करायचे? माझ्या मते ते घामावर करू नये, रस्त्यावर करावे. बाबा आमटे यांनी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने ‘भारत जोडो’ यात्रा काढली. तिच्यात शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर होते. पुढे १९८८ मध्ये इटानगरहून ओख्यापर्यंत दुसरी यात्रा निघाली. त्या यात्रांचे मोल कोणी किती किलोमीटर तुडवले यात नव्हते. देश फुटतो की काय, या शंकेच्या दिवसांत तरुणांनी तो देश गावागावांतून पाहिला, यात होते. विमानाने गेलेल्याला दोन टोके दिसतात, सायकलवरच्याला मधले सगळे दिसते. रस्ता नेमका निवडला, तर रस्ताच शिकवतो.

युद्धातील मुलांच्या बाबतीत असा नेमका निवडलेला रस्ता म्हणजे बर्लिन ते लंडन. ९ आणि १० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीत ज्यूंची दुकाने व प्रार्थनामंदिरे फोडली आणि जाळली गेली. त्यानंतर ब्रिटनने एक दरवाजा किलकिला केला. सतरा वर्षांच्या आतील मुलांना आईबापांशिवाय येऊ देण्याचे ठरले. प्रत्येक मुलामागे पन्नास पौंडांची हमी कोणीतरी द्यावी लागे. मुलाने एक लहान पेटी न्यावी, मौल्यवान काही नेऊ नये, दहा मार्कांहून अधिक पैसे जवळ ठेवू नयेत, असा दंडक होता. आगगाडीने हॉलंडच्या किनाऱ्यावरील हुक येथे, तेथून बोटीने हारविच आणि पुढे लंडनचे लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशन, हा बहुतेकांचा मार्ग. २ डिसेंबर १९३८ रोजी पहिली तुकडी हारविचला उतरली, आणि युद्धाला तोंड फुटेपर्यंत सुमारे दहा हजार मुले अशा रीतीने वाचली. त्यांतील बहुसंख्य मुलांचे आईबाप वाचले नाहीत. फलाटावर हलवलेला हात हीच त्यांची शेवटची आठवण ठरली.

त्या घटनेला ऐंशी वर्षे होत होती म्हणून जून २०१८ मध्ये ‘वर्ल्ड ज्यूइश रिलीफ’ या संस्थेने त्याच मार्गाने सायकलफेरी काढली. मुलांना आणण्यात ज्या संस्थेचा मोठा वाटा होता तिचेच हे आजचे रूप. बर्लिनच्या फ्रीडरिशश्ट्रासे स्टेशनाजवळ पेट्या घेतलेल्या मुलांचे एक शिल्प आहे, तेथून फेरी निघाली. हुक येथे सायकलस्वार बोटीत बसले, हारविचला उतरले आणि सुमारे ६०० मैलांचा प्रवास करून लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनावर पोचले. तेथेही त्याच शिल्पकाराचे, फ्रँक मेइस्लर यांचे, तसेच शिल्प आहे. सायकलस्वारांत त्या मुलांची मुले व नातवंडे होती. आणि तान्हेपणी आगगाडीतून हाच मार्ग कापलेले, आता ऐंशीच्या घरात पोचलेले एक गृहस्थही होते. या फेरीत घाम पुष्कळ गळला असेल, परंतु आपल्याला ती आठवते ती घामामुळे नव्हे. प्रत्येक मुक्काम एका मुलाच्या प्रवासातला मुक्काम होता, म्हणून आठवते. आणखीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हीच संस्था त्या वर्षांत सीरियाच्या युद्धातून ब्रिटनमध्ये आलेल्या निर्वासितांना नोकरीधंद्याला लावण्याचे काम करीत होती. ऐंशी वर्षांपूर्वी ज्यू मुलांसाठी उभी राहिलेली संस्था आता सीरियाच्या माणसांसाठी उभी होती. स्मरण म्हणतात ते याला.

आता आपल्या रस्त्याकडे वळू. वळिवडे हे गाव आपल्यातील पुष्कळांना नावाने ठाऊक नसेल, पण त्याला लागून असलेले गांधीनगर ठाऊक नाही असे घर बेळगावात क्वचित असेल. लग्नाचा बस्ता बांधायला निम्मे बेळगाव तेथे जाते. त्या बाजारपेठेच्या जागी १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, आणि त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. पोलंडच्या पूर्व भागातून सोव्हिएत सरकारने १९४० आणि १९४१ मध्ये त्यांना उचलून सैबेरियात व मध्य आशियात नेले होते. जर्मनीने रशियावर चाल केल्यावर त्यांची सुटका झाली. इराणमार्गे अनेकजण हिंदुस्थानात पोचले, आणि भूक व रोगराई यांतून वाचलेली मुले पंचगंगेच्या काठी येऊन राहिली. तेथे त्यांच्या शाळा भरल्या, दवाखाना चालला, प्रार्थनामंदिर उभे राहिले, नाटके झाली. तिकडे जामनगरजवळ बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ पासून शेकडो पोलिश मुलांना आसरा दिला. ती छावणी बंद झाल्यावर तेथील पुष्कळ मुले १९४६ मध्ये वळिवड्यालाच आली. वॉर्सा शहरात आज जामसाहेबांच्या नावाची शाळा आहे, आणि ‘भल्या महाराजांचा’ म्हणून ओळखला जाणारा एक चौकही आहे. कोल्हापूर छावणीचेही स्मारक त्या शहरात उभे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी वळिवड्याचे नाव पहिल्यांदा ऐकले असेल. ऐंशी वर्षांपूर्वीची, शंभर-सव्वाशे किलोमीटरवरची गोष्ट आपल्याला सहा हजार किलोमीटरवरून कळावी, याला काय म्हणावे?

ही कहाणी गोडगोड करून सांगण्याचाही मोह टाळला पाहिजे. छावणीचा खर्च मुख्यतः लंडनमधील परागंदा पोलिश सरकारकडून होत होता, आणि हिंदुस्थानात तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. आम्ही दानशूर होतो म्हणून ते आले, असे म्हणणे खोटे होईल. युद्ध संपल्यावरही या लोकांच्या हालांना अंत नव्हता. त्यांची गावे आता सोव्हिएत संघात गेली होती. परत जायचे म्हणजे कोठे जायचे, हा प्रश्न घेऊन ते इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका असे पांगले. आणि त्यांनी रिकाम्या केलेल्या बराकींत कोण आले? फाळणीने सिंधमधून उखडले गेलेले लोक. गांधीनगर वसले ते असे. एका युद्धाच्या निर्वासितांनी सोडलेल्या खोल्यांत एका फाळणीच्या निर्वासितांनी चूल मांडली. आपण तेथे साड्यांचा भाव करताना ज्या जमिनीवर बसतो ती जमीन एवढे पाहून बसली आहे. आता सांगा, बेळगाव ते वळिवडे हा रस्ता सायकलने जाण्यासारखा आहे की नाही?

पण या फेरीचा खरा पेच रस्त्याचा नाही, निधीचाही नाही. तो आहे ‘कोणत्या मुलांसाठी?’ या प्रश्नाचा. चर्चेत तट पडले ते खरे तर यावरच. फलकावर कोणाचे नाव लिहायचे? युक्रेनमध्ये रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये आक्रमण केले. सुदानमध्ये एप्रिल २०२३ मध्ये यादवी पेटली. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलमधून ओलीस नेलेल्यांत मुले होती, आणि त्यानंतर गाझात मारली गेलेली मुले तर हजारांनी मोजावी लागली. एकाने एक नाव घेतले की दुसरा म्हणतो, मग त्यांची मुले का नाहीत? एकाची कळकळ दुसऱ्याला पक्षपात वाटतो. हळूहळू मुले बाजूला पडतात आणि आपणच बाह्या सरसावून उभे राहतो.

या प्रश्नाला शंभर वर्षांपूर्वी एका बाईने उत्तर दिले आहे. पहिले महायुद्ध थांबल्यावरही दोस्तांनी जर्मनी व ऑस्ट्रियाची नाकेबंदी चालूच ठेवली होती आणि तेथील मुले उपासमारीने मरत होती. एग्लंटाइन जेब यांनी १९१९ मध्ये त्या मुलांची छायाचित्रे असलेली पत्रके लंडनच्या ट्रफॅल्गर चौकात वाटली. सरकारची परवानगी नव्हती म्हणून त्यांना अटक झाली आणि पाच पौंड दंड झाला. त्यांच्याविरुद्ध खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलांनीच ती पाच पौंडांची रक्कम त्यांच्या हाती ठेवली, आणि तीच त्यांच्या निधीतील पहिली देणगी मानली जाते. १९ मे १९१९ रोजी रॉयल अल्बर्ट हॉलमधील सभेत जेब आणि त्यांच्या भगिनी डोरोथी बक्सटन यांनी ‘सेव्ह द चिल्ड्रेन फंड’ सुरू केला. ज्यांच्या घरातली माणसे नुकतीच युद्धात मारली गेली होती अशा लोकांपुढे शत्रूच्या मुलांसाठी हात पसरणे हे येरागबाळ्याचे काम नव्हते. सभेला काहीजण नासकी फळे घेऊन आले होते, असे सांगतात. जेब यांच्या खटपटीतून बालहक्कांचा पाच कलमी जाहीरनामा तयार झाला व १९२४ मध्ये राष्ट्रसंघाने तो स्वीकारला. संकटाच्या वेळी मदत सर्वांत आधी मुलाला मिळाली पाहिजे, असे त्यातले एक कलम आहे. त्यात ‘आमच्या मुलाला’ असे म्हटलेले नाही. पुढे २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार झाला आणि भारताने तो १९९२ मध्ये मान्य केला.

यावर कोणी म्हणेल, हे बोलायला सोपे आहे, ज्यांच्या घरातला माणूस सीमेवर आहे त्यांना विचारा. हा आक्षेप मी हलका समजत नाही. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. युद्ध ही गोष्ट येथे वर्तमानपत्रातून कळत नाही, ती गल्लीतल्या घरातून कळते. बाप सुट्टीवर येईल म्हणून दिवस मोजणारी मुले आपल्याच वर्गात बसतात. पण सैनिक लढतो तो हत्यार घेतलेल्या शत्रूशी, मुलाशी नव्हे. १९४९ च्या जिनिव्हा करारांतील चौथ्या करारात पंधरा वर्षांखालील मुलांसाठी खास तरतुदी आहेत. त्यांच्यासाठी अन्न, कपडे व औषधे यांना वाट द्यावी, अनाथ किंवा ताटातूट झालेल्या मुलांची काळजी घ्यावी, असे त्यात सांगितले आहे. हा करार भाबड्या कवींनी केलेला नाही. नुकतेच एक महायुद्ध लढून उठलेल्या राष्ट्रांच्या सरकारांनी तो केला आहे. शत्रूच्या मुलाला मूल मानणे ही लढणाऱ्याचीही मर्यादा आहे. मग आपण तर नुसते सायकलवाले!

शिवाय ‘बाजू’ या शब्दाची ओळख आपल्या भागाला कोणी करून द्यायला नको. या अंकाला मराठी विभाग आहे आणि कन्नड विभागही आहे. दोन्हींत लिहिणारी मुले एकाच बाकावर बसतात, एकाच कॅन्टीनचा चहा पितात आणि तरीही वर्षातून काही दिवस एकमेकांकडे जरा जपून पाहतात. लहान प्रमाणावर का होईना, बाजूचा शिक्का कपाळी मारला की माणूस कसा दिसेनासा होतो हे आपल्याला ठाऊक आहे. १९३८-३९ मध्ये आसरा दिलेल्या त्या जर्मन ज्यू मुलांपैकी जी मोठी झाली होती त्यांतील अनेकांना ब्रिटनने १९४० मध्ये ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून स्थानबद्ध केले. हिटलरपासून पळालेली मुले हिटलरची माणसे ठरली! शिक्का आंधळा असतो तो असा. म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. आपल्या फलकावर कोणत्याही एका देशाचे नाव असू नये, आणि निधी अशाच संस्थेला द्यावा जी मुलाची बाजू विचारीत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये युनिसेफने सांगितले की जगातील ४७ कोटी ३० लाखांहून अधिक मुले संघर्षग्रस्त भागांत राहत आहेत. म्हणजे सहा मुलांमागे एकाहून अधिक. १९९० च्या दशकात हे प्रमाण शेकडा १० च्या आसपास होते, ते आता शेकडा १९ च्या आसपास गेले आहे. एवढ्या मुलांतून आपल्या पसंतीची मुले निवडत बसणे म्हणजे बुडणाऱ्याला आधी जात विचारण्यासारखे आहे.

राहिला शेवटचा आक्षेप: घरची मुले आधी. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड्यांची मुले शाळा सोडून फडात येतात, त्यांच्यासाठी काय केले? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्याने जरूर काम सुरू करावे, मी त्याच्याबरोबर येईन. परंतु एका कामाने दुसरे काम रद्द होत नाही. १९३८ मध्ये देश पारतंत्र्यात असताना सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमधील जखमींची सेवा करायला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच वारले. सोलापुरात तेव्हा रोगी नव्हते असे नाही. दूरच्याचे दुःख ज्याला दिसते त्याला जवळचेही दिसते, हाच बहुधा अनुभव आहे. ज्याला दूरचे दिसत नाही त्याला जवळचे दिसतेच असा मात्र अनुभव नाही.

आता फेरी काढायचीच तर काही पथ्ये पाळावीत असे मला वाटते. पहिले पथ्य हिशेबाचे. बेळगाव ते वळिवडे अंतर ११० किलोमीटर धरू. चाळीस सायकलस्वारांनी प्रत्येकी पंचवीस ओळखीच्या माणसांकडून किलोमीटरमागे एक रुपया कबूल करून घेतला तर एक लाख दहा हजार रुपये होतात. यातून चाळीस बनियनांवर प्रत्येकी अडीचशे रुपये खर्च केले तर दहा हजार गेले, म्हणजे अकराव्या हिश्श्याइतका निधी आपल्याच अंगावर चढला! मागोमाग जाणारा टेंपो, जेवण, फलक, सत्काराचे नारळ हे मोजतच नाही. तेव्हा सायकलस्वाराने आपला खर्च आपण करावा आणि कबूल झालेला रुपया न रुपया निधीत जावा. पुढील वर्षीच्या याच अंकात, दोन्ही विभागांत, जमाखर्च छापला जावा. जो हिशेब छापायला लाजतो त्याने फेरी काढू नये.

दुसरे पथ्य चित्राचे. भुकेल्या, रडणाऱ्या मुलाचे छायाचित्र फलकावर लावू नये. ते मूल आपल्या ओळखीचे नाही, त्याची परवानगी आपण घेतलेली नाही. उद्या ते मोठे होईल. आपले रडके तोंड कोठल्या तरी गावात चौकात टांगले होते, हे त्याला आवडेल का? वळिवड्याच्या पोलिश मुलांतून पुढे शिक्षक झाले, अभियंते झाले, आजी-आजोबा झाले. त्यांतले काही म्हातारपणी आपले बालपण पाहायला कोल्हापूरला येऊन गेले. ती दया मागायला आलेली नव्हती, ती ओळख द्यायला आलेली माणसे होती. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मारकस्तंभ आहे. फलकावर चित्र हवेच असेल तर त्या स्तंभाचे लावावे.

तिसरे पथ्य समजुतीचे. पैसा कशासाठी द्यायचा हे आधी समजून घ्यावे. ‘अनाथाश्रम बांधू’ ही आपल्या मनात पहिली येणारी कल्पना, पण ती नेहमी बरोबर नसते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेडमध्ये मुलांसाठी शिशुगृहे चालवली. बाँबपेक्षाही आईपासून झालेली ताटातूट लहान मुलाला अधिक मोडते, असे त्यांनी तेथे पाहिले. जगातील अनाथाश्रमांत राहणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्यांचे आई किंवा बाप जिवंत असतात, हे सेव्ह द चिल्ड्रेनने २००९ मध्ये दाखवून दिले. तेव्हा मुलाला घरच्यांपासून उचलून इमारतीत ठेवण्यापेक्षा घर सावरणे, हरवलेले नातेवाईक शोधणे, बंद पडलेली शाळा तंबूत का होईना सुरू करणे, ही कामे अधिक मोलाची. अशी कामे करणाऱ्या संस्था आहेत. निधी परदेशी पाठवण्याचे नियमही आहेत. प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी बसून ते आधी वाचावेत, नंतर सायकलींना तेल घालावे.

आणि चौथे पथ्य असे की निघण्यापूर्वी प्रत्येक सायकलस्वाराने वळिवड्याची गोष्ट मराठीत किंवा कन्नडमध्ये सांगता येईल इतकी समजून घ्यावी. वाटेत संकेश्वरला, निपाणीला, कागलला लोक विचारतील, “कुठे निघालात पोरांनो?” त्यांना “रेकॉर्ड करायला” असे उत्तर मिळाले तर फेरी तवंदीच्या घाटातच संपली असे समजावे. “आपल्या शेजारी पाच हजार परके लोक पाच वर्षे राहून गेले, ते ठिकाण बघायला, आणि आज तसेच उखडलेल्या मुलांसाठी चार पैसे जमवायला,” असे उत्तर मिळाले, तर त्या हॉटेलवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत तरी चालेल. ते मात्र निधीत जमा करावेत!

हे सारे करूनही युद्ध थांबणार नाही. एक लाख दहा हजार रुपयांनी ४७ कोटी मुलांचे काय होणार, असे कोणी विचारले तर उत्तर सरळ आहे: फार थोडे. पण वळिवड्यात ज्या मुलाला १९४३ मध्ये पहिल्यांदा पोटभर जेवण आणि पाटी मिळाली, त्याने ४७ कोटींचा हिशेब मांडला नव्हता. त्याला एक ताट आणि एक पाटी पुरली. आपल्या हातून तेवढे झाले आणि ते करताना कोणाचे मूल, कोणत्या बाजूचे मूल, हे विचारायचे आपण विसरलो, तर चाके योग्य माणसासाठी फिरली असे मी म्हणेन. ज्यांना हे मान्य आहे त्यांनी, मराठी असोत की कन्नड, मुलगे असोत की मुली, आपली नावे विद्यार्थी मंडळाकडे द्यावीत. ज्यांना मान्य नाही त्यांनी पुढील अंकात लिहावे. त्यांचे म्हणणे वाचल्याशिवाय सायकलीत हवा भरायची नाही, एवढे वचन मी देतो.